करार दोन कंपन्यांशी करा, पण आधी एकदा सगळं परत उभं करून दाखवा

प्रति,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय सेवा एकापेक्षा जास्त क्लाउडवर नेण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या जून महिन्यात मी माझ्या पुतण्याच्या सेवा केंद्रात रोज सकाळी जाऊन बसत होतो. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, प्रवेशाची धांदल. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल यांसाठी लोक दारापर्यंत उभे. वाडीवरची एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी तीन वेळा आली. पहिल्या दिवशी पोर्टल उघडेना. दुसऱ्या दिवशी उघडलं, कागद चढवून झाले, आणि पैसे भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं. तिसऱ्या दिवशी काम झालं, पण दाखला जोडायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. तीन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. जाताना तिने पुतण्याला विचारलं, ‘सर्व्हर डाऊन म्हंजी नेमकं काय झालं असतंय?’ पुतण्याने माझ्याकडे पाहिलं, कारण चोवीस वर्षं माझी नोकरी तीच होती. मला तिला धड उत्तर देता आलं नाही.

ते पोर्टल कोणत्या खात्याचं होतं हे इथे लिहीत नाही. मुद्दा एका खात्याचा नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांमध्ये मी बॅकअपचं, म्हणजे माहितीच्या जादा प्रती काढून ठेवण्याचं काम केलं. रात्रपाळ्या केल्या, टेपा बदलल्या, नंतर टेपांच्या जागी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी यंत्रणा आली तेव्हा तीही शिकलो. त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

क्लाउडला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं, असं धोरण आणणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून. तेव्हा मला अभिमान वाटला होता. केंद्राचा मेघराज हा क्लाउड उपक्रम त्याच्याही आधीचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. पुढे केंद्राने कंपन्यांची यादी केली, त्यांची तपासणी एसटीक्यूसी या सरकारी दर्जा-तपासणी संस्थेकडून करून घेतली, माहिती भारतातच राहिली पाहिजे अशी अट घातली. हे सगळं योग्य झालं. जूनमध्ये एकदम दहापट लोक येतात आणि ऑगस्टमध्ये ओसरतात. तेवढ्यासाठी सरकारने बारा महिने यंत्रं विकत घेऊन ठेवायची गरज नाही. भाड्याने घ्यावीत आणि गर्दी सरली की परत द्यावीत. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४ च्या पावसाळ्यात दोन कोटींहून अधिक बायकांचे अर्ज आले. असा लोंढा झेलायला भाड्याची यंत्रणाच बरी.

आता पुढचा शब्द कानावर येतो आहे, मल्टी-क्लाउड. म्हणजे एकाच कंपनीवर न विसंबता दोन-तीन कंपन्यांकडून ही यंत्रणा भाड्याने घ्यायची. कल्पना चांगली आहे. माझी काळजी एवढीच, की हा शब्द निविदेत जाईल, दोन कंपन्यांशी दोन करार होतील, फाइलवर ‘मल्टी-क्लाउड झाले’ असा शेरा पडेल, आणि ज्या दिवशी पहिली कंपनी बंद पडेल त्या दिवशी दुसरीकडे काय आहे हे कोणालाच ठाऊक नसेल.

ही काळजी कुठून आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं बॅकअपचं काम माझ्याकडे होतं. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. रोज पहाटे मी पडद्यावर पाहायचो : काम यशस्वी, हिरवी खूण. मधल्या काळात त्यांचं मुख्य सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर गेलं आणि फोल्डरचा पत्ता बदलला. बॅकअपला जुनाच पत्ता दिलेला होता. जुना फोल्डर रिकामा होता. यंत्र प्रामाणिकपणे रोज रात्री त्या रिकाम्या फोल्डरची प्रत काढायचं आणि हिरवी खूण दाखवायचं. असं सात महिने चाललं. मग एका शनिवारी डिस्क गेल्या आणि आम्ही प्रत उघडली. आत काहीच नव्हतं. पुढे तीन आठवडे, छापून ठेवलेल्या पावत्या आणि हस्तलिखित रजिस्टरं समोर ठेवून पंधरा-वीस मुलं नोंदी पुन्हा टाइप करत बसली. सातही महिने बॅकअप ‘होत’ होता. रिस्टोअर, म्हणजे त्या प्रतीतून माहिती परत उभी करणं, एकदाही करून पाहिलं नव्हतं. ती हिरवी खूण रोज तपासणारा माणूस मीच होतो. तेव्हापासून प्रत ठेवली आहे असं कोणी म्हणालं की मी एकच विचारतो : शेवटची कधी उघडून पाहिली?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. २१ जून २०१२ ची दुपार मंत्रालयात कोणी विसरलं नसेल. चौथ्या मजल्यावरची आग वर चढत गेली, पाच जणांचा जीव गेला, फायलींचे ढीग राख झाले. आम्ही महाप्याला टीव्हीसमोर उभे होतो. शेजारचा सहकारी म्हणाला, कागद होते म्हणून जळाले, आता सगळं संगणकावर जाईल आणि ही भीती संपेल. मलाही तसंच वाटलं होतं.

तेरा वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ ला, दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. पाचव्या मजल्यावरच्या सर्व्हर खोलीतून लिथियम-आयन बॅटऱ्या हलवायचं काम चालू असताना ठिणगी पडली. आग पुरती विझायला सुमारे बावीस तास लागले. सुरुवातीला ६४७ सरकारी प्रणाली बंद पडल्याचं सांगितलं गेलं. नीट मोजल्यावर हा आकडा ७०९ निघाला. ९६ प्रणाली थेट जळाल्या. त्यांत सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींसाठी असलेला जी-ड्राइव्ह होता, माणशी ३० जीबी जागा देणारा. त्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली, आणि तिची प्रत बाहेर कुठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे प्रत ठेवता आली नाही, असं कारण पुढे आलं. त्यांच्या मनुष्यबळ खात्याने सगळी कागदपत्रं तिथेच ठेवायचा दंडक घातला होता. जे खातं नियम काटेकोर पाळत होतं, तेच सर्वांत जास्त होरपळलं.

ही इमारत सरकारची होती, यंत्रं सरकारची होती, आणि देश असा की जगातल्या सर्वाधिक पुढारलेल्या ई-शासनांत त्याचं नाव घेतलं जातं. म्हणून ‘आपलं ते आपल्याकडेच ठेवू, मग भीती नाही’ हे म्हणणंही मला पटत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोरांनी पाच सर्व्हर कुलूपबंद केले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली आणि पुढचे काही आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. तीही यंत्रं संस्थेच्या स्वतःच्या आवारातच होती.

मग कंपनीच्या क्लाउडवर गेलं की सुटलो का? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीच्या बाबतीत काय झालं ते आपल्या विभागातल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असावं असं मला वाटतं. सहा लाखांहून अधिक सभासदांचा निधी. त्यांनी गूगल क्लाउडवर दोन वेगळ्या ठिकाणी आपली यंत्रणा ठेवली होती, म्हणजे पुस्तकात सांगितलेली काळजी घेतली होती. पण सबस्क्रिप्शन, म्हणजे भाड्याची नोंदणी, एकच होती. खूप आधी यंत्रणा उभारताना कंपनीच्या एका साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे वर्षाची मुदत लागली आणि मुदत भरताच ती यंत्रणा आपोआप पुसली गेली, दोन्ही ठिकाणची. सभासदांना आठवडाभर आपलं खातं पाहता आलं नाही. निधी पुन्हा उभा करताना ज्या प्रती कामी आल्या, त्यांत दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतीही होत्या.

मल्टी-क्लाउडचा खरा अर्थ मला इथे दिसतो. आगीपासून, पुरापासून वाचायला दुसरी जागा पुरते. पण चुकीच्या एका आज्ञेपासून, एका नोंदणीच्या रद्द होण्यापासून वाचायला दुसरा मालक लागतो.

आमच्या मंगळवेढ्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, वर माती लिंपलेली. आजी सगळं धान्य पेवात घालू देत नसे. पुढच्या पेरणीचं बी ती घरात कणगीत ठेवायची आणि त्यातलंही पायलीभर भावाच्या घरी द्यायची. पेवात पाणी शिरलं तर घरातलं वाचेल, घराला आग लागली तर भावाकडचं वाचेल. आणि दर पंधरवड्याला कणगीत हात घालून बी कोरडं आहे का, कीड लागली नाही ना, हे बघायची. तिला मी विचारलं नव्हतं, तरी बॅकअपचं सगळं शास्त्र यात आहे, हात घालून बघण्यासकट.

आता जागेबद्दल थोडं, कारण इथे आपली मोठी फसगत होऊ शकते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत भारतातली पहिली केंद्रं उघडली. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गूगल २०१७ मध्ये, ओरॅकल २०१९ मध्ये, तीही मुंबईतच. सगळ्यांनी मुंबई धरली, कारण समुद्राखालच्या केबली इथे किनाऱ्याला लागतात आणि बँका, बाजार इथे आहेत. आपण दोन कंपन्या निवडल्या आणि दोन्हींकडे ‘मुंबई’ हा पर्याय निवडला, तर कागदावर दोन क्लाउड होतील. पण दोघांवर पाऊस एकच पडेल आणि दोघांची वीज एकाच दिशेने येईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. डेटा सेंटरला जनरेटर असतात, ते सुरूही होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण जनरेटरला डिझेल लागतं, टँकरला रस्ता लागतो, आणि रात्रपाळीच्या मुलाला सोडायला दुसऱ्या पाळीचा मुलगा कामावर पोहोचावा लागतो. गुडघाभर पाण्यात यातलं काहीच वेळेवर होत नाही. एक क्लाउड मुंबईत घेतला, तर दुसरा हैदराबादला किंवा दिल्लीला घ्या; ॲमेझॉन आणि ओरॅकल हैदराबादेत आहेत, गूगल दिल्लीत आहे. आणि शासनाची स्वतःची एक प्रत नागपूरला, विदर्भात, समुद्रापासून लांब, आपल्या ताब्यात असू द्या.

ताब्याचा विषय निघालाच आहे तर जुलै २०२५ मधली नायरा एनर्जीची गोष्ट आठवून पाहा. गुजरातेत वाडिनारला मोठी रिफायनरी चालवणारी ही कंपनी. तिच्यात रशियन भागीदारी असल्यामुळे युरोपीय संघाने निर्बंध घातले, आणि पैसे भरलेले असूनही मायक्रोसॉफ्टने तिचे ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा परत मिळाल्या. तिथे यंत्र बिघडलं नव्हतं, आग लागली नव्हती. निर्णय दूरच्या एका राजधानीत झाला आणि परिणाम भारतातल्या कार्यालयात दिसला. उद्या हेच एखाद्या राज्याच्या कोषागाराबाबत झालं तर? कोर्टात दाद मागेपर्यंत पगार आणि पेन्शन थांबवायचं का? म्हणून माहिती कुलूपबंद करणारी किल्ली, म्हणजे एन्क्रिप्शनची की, शासनाच्या स्वतःच्या यंत्रात, शासनाच्या माणसाच्या ताब्यात असली पाहिजे. घर भाड्याचं असायला हरकत नाही. कुलूप आपलं हवं. पुरवठादार देशी घेतला तरी हे बदलत नाही. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल आता झोहोच्या यंत्रणेवर गेले आहेत, त्याचं मला कौतुक आहे; पण विसंबणं एकाच ठिकाणी असेल तर ठिकाण चेन्नईत आहे की सिॲटलमध्ये, याने फारसा फरक पडत नाही.

घर सोडायची वेळ आली तर काय, हा त्यापुढचा भाग. अननुभवी माणूस नेमका इथे अडकतो. क्लाउडवर नुसती यंत्रं भाड्याने घेतली तर ती दुसरीकडे नेणं फार अवघड नसतं. पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीचा डेटाबेस देते, आपापली लॉगिनची व्यवस्था देते, निरोप पोहोचवण्याची आपापली सेवा देते. सुरुवातीला ते सोयीचं असतं, कामही लवकर उरकतं. पाच वर्षांनी लक्षात येतं की सॉफ्टवेअरची मुळं त्या एका कंपनीच्या जमिनीत इतकी खोल गेली आहेत की उपटलं तर झाडच मरेल. आत माहिती आणायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात, हेही बिलाच्या शेवटच्या पानावरच कळतं. यावर जगभर ओरड झाली तेव्हा गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या सुरुवातीला कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क माफ केलं. युरोपात तर त्यासाठी कायदाच झाला. सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे आणि पुरवठादार बदलण्याचं शुल्क जानेवारी २०२७ पासून घेताच येणार नाही. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. निविदा शासनाची आहे, अट शासनाला घालता येते. पोस्टग्रेससारखा मुक्त डेटाबेस वापरा, कुबरनेटिसवर, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या मुक्त व्यवस्थेवर, चालेल अशाच पद्धतीने सॉफ्टवेअर बांधा, आणि करार संपताना सगळी माहिती उघड्या स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत, विनाशुल्क परत मिळेल असं पहिल्याच पानावर लिहून घ्या. मागच्या परिशिष्टात लिहिलेलं कोणी वाचत नाही.

एकाच कंपनीला सगळं द्यायचा मोह फक्त आपल्यालाच होतो असं नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१९ मध्ये दहा अब्ज डॉलरपर्यंतचं जेडाय नावाचं कंत्राट एकट्या मायक्रोसॉफ्टला दिलं. त्यावर कोर्टकज्जे झाले आणि जुलै २०२१ मध्ये ते रद्द करावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या जागी ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल या चौघांना मिळून नऊ अब्ज डॉलरपर्यंतचं काम वाटून दिलं. त्या वादात काही वर्षं गेली. आपल्याला तेवढा वेळ घालवायचं कारण नाही.

खर्चाचं बोललो नाही तर हे पत्र अर्धवट राहील. क्लाउडचं बिल विजेच्या मीटरसारखं असतं. दिवा चालू ठेवला की आकडा पुढे सरकतो, मग खोलीत कोणी असो वा नसो. शासनाचं अनुदान मात्र वर्षाचं ठरलेलं, मार्चअखेर खर्ची टाकायचं. दोन क्लाउड म्हणजे दोन मीटर. चाचणीसाठी सुरू केलेली यंत्रं कोणी बंद करत नाही, कारण ती बंद करायची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नसते. मी खासगी कंपन्यांत पाहिलेल्या उधळपट्टीतली निम्मी अशीच होती. दर महिन्याला बिल वाचणारा आणि नको ते बंद करायचा अधिकार असलेला एक माणूस प्रत्येक खात्यात नेमला, तर त्याचा पगार त्यातूनच सुटेल.

आणि सगळंच दोन ठिकाणी चालवत बसू नका. शासन निर्णयांच्या पीडीएफ फायली, जुन्या परिपत्रकांचा साठा, छायाचित्रं यांची एक प्रत दुसरीकडे स्वस्तात ठेवली की झालं. दोन दिवस बंद राहिलं तरी कोणाचा घास अडत नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र, दस्त नोंदणी, सातबारा, कोषागार, सरकारी रुग्णालयांची नोंदणी, आणि जून-जुलैपुरती दाखल्यांची सेवा, एवढ्यांसाठी मात्र दोन्ही बाजू कायम जागत्या हव्यात. एक बसली की दुसरीने मिनिटांत भार उचलावा. सातबाऱ्याचं तर विशेष. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या मागे फिरणं थांबलं. माझ्या पिढीने हा बदल डोळ्यांनी पाहिला आहे. २०२१ पासून शेतकरी पिकाची नोंदही स्वतःच्या मोबाइलवरून करतो. कागदाचा रस्ता एकदा बंद केला की डिजिटल रस्ता अडून चालत नाही, कारण आता मागे फिरायला वाट उरलेली नाही.

हे सगळं चालवायला माणसं लागतील. दोन क्लाउड म्हणजे दोन प्रकारची कुलपं, दोन प्रकारच्या परवानग्या. एका ठिकाणी नीट लावलेलं दार दुसऱ्या ठिकाणी सताड उघडं राहू शकतं. सल्लागार कंपनीची मुलं हुशार असतात, पण करार संपला की जातात, आणि जाताना सगळी माहिती त्यांच्या डोक्यात जाते. आपल्या विभागात कायमस्वरूपी पन्नास तरी अभियंते असे हवेत, ज्यांनी स्वतःच्या हाताने यंत्रणा एका क्लाउडवरून दुसऱ्यावर नेलेली आहे. सोलापूर, नांदेड, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशी मुलं मिळतील. त्यांना पुण्याच्या पगाराच्या जवळपास पगार द्यावा लागेल, आणि तो द्यावा.

आता मूळ विनंती. सराव.

हे अशक्य नाही, आणि उदाहरण मंत्रालयापासून फार लांब नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपार व्हायच्या आधीच थांबले, सुमारे चार तास बंद राहिले. पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी काम तिकडे वळलं नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. आणि २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजाराने मुद्दाम खास सत्र भरवलं : सकाळी मुख्य केंद्रावरून व्यवहार, मग यंत्रणा पर्यायी केंद्राकडे वळवली आणि पुढचे व्यवहार तिथून. खरे दलाल, खरे पैसे. जिथे एका मिनिटाच्या खोळंब्याची किंमत कोटींत मोजतात, तिथे लोकांनी हे जाहीरपणे करून दाखवलं. मग दाखल्यांच्या पोर्टलला ते का जमू नये?

वर्षातून दोनदा, एक दिवस ठरवून जाहीर करा. त्या दिवशी एका महत्त्वाच्या सेवेचा पहिला क्लाउड मुद्दाम बंद करा आणि दुसऱ्यावरून ती चालवा. रात्री दोन वाजता, कोणी नसताना नको. कामाच्या दिवशी, अकरा वाजता, केंद्रांवर माणसं असताना. किती वेळात सेवा परत उभी राहिली आणि मधल्या किती वेळाच्या नोंदी हरवल्या, हे दोन आकडे संकेतस्थळावर मराठीत टाका. पहिल्या वेळी आकडे वाईट येतील. माझे नेहमीच वाईट यायचे. ते लपवू नका आणि त्यासाठी कोणा कनिष्ठ अभियंत्याला कारणे दाखवा नोटीसही देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो आधीच सगळं जुळवून ठेवेल आणि आपल्याला फक्त हिरवी खूण दिसेल.

आणखी एक गोष्ट, जिला एकही सर्व्हर लागत नाही. पोर्टल बंद पडल्याची नोंद शासनाने स्वतः ठेवावी : तारीख, वेळ, सेवा. जेवढा काळ सेवा बंद, तेवढी त्या सेवेवर अवलंबून असलेली मुदत आपोआप वाढावी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आपल्याकडे आहे. अमुक दिवसांत सेवा मिळेल असं शासन त्यात वचन देतं. यंत्र बंद असलेला दिवस त्या वचनात नागरिकाच्या नावावर का लिहायचा? आणि केंद्रचालकाला एवढं तरी करता यावं, की आलेल्या माणसाला तारखेची पावती देता यावी : हा आज आला होता, यंत्रणा बंद होती. रेशन दुकानापासून प्रवेशाच्या खिडकीपर्यंत ती पावती चालली पाहिजे.

माझ्या पुतण्याच्या केंद्रात आम्ही १ जूनपासून साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. पोर्टल किती वाजता बंद झालं, किती वाजता सुरू झालं, त्या वेळात किती माणसं परत गेली आणि कोणत्या गावाला गेली, एवढंच त्यात आहे. नावं नाहीत. जून आणि जुलैची पानं भरली आहेत. आपल्या कार्यालयाने कळवलं तर झेरॉक्स काढून पाठवतो. तिसऱ्या पानावर एकाच वाडीचं नाव तीन वेगवेगळ्या तारखांना आलं आहे, ती त्या बाईची नोंद आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बॅकअप ॲडमिनिस्ट्रेटर
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर